बैलाचे दात मोजता, मग गाडीचे पोट का बघत नाही?



पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. तिथे बैल घेणारा माणूस काय करतो, ते तुम्हाला सांगायला नको. आधी तोंड उघडून दात बघतो. खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवतो. खूर उचलून पाहतो. दहा पावले चालवतो आणि जमले तर जुंपूनही बघतो. मालकाने शिंगे कितीही रंगवलेली असोत, अंगावर कसलीही झूल असो, जाणता शेतकरी झुलीला भुलत नाही.

तोच शेतकरी जुनी फोर-व्हील ड्राईव्ह गाडी घ्यायला गेला, की मात्र जाड टायर, टपावरचे दिवे आणि चकचकीत रंग बघून इसार देऊन मोकळा होतो. गाडीखाली वाकूनसुद्धा बघत नाही.

मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी. बियाणे, खते, कीड-रोग, योजना यांवर बोलणे हे माझे काम. गाडी हा काही माझ्या पदविकेच्या अभ्यासातला विषय नव्हता. पण अलीकडे सोयाबीनच्या तांबेऱ्याचे बोलणे संपले, की उठता उठता कुणीतरी विचारतोच, "साहेब, एक जुनी थार बघितलीया, घेऊ का?" एवढ्यांदा हा प्रश्न आला, की म्हटले एकदा लिहूनच टाकावे. शिवाय या विषयात मी स्वतः एकदा चांगला फसलो आहे. तेव्हा आधी ते सांगतो.

लिव्हर होता, शाफ्ट नव्हता

आमची वाडी कोयना खोऱ्यात. डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, मध्ये एक ओढा आणि ओढ्यापलीकडे तांबड्या मातीची चढण. काही वर्षांपूर्वी मी एक जुनी जीप घेतली. एजंट म्हणाला, "फोर-बाय-फोर हाय साहेब, भिंतीवर चढंल." त्याने लिव्हर ओढून दाखवला. खट् असा आवाज आला. मला तेवढे पुरले.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री अकराच्या सुमारास आईला दम लागला. तिला जीपमध्ये घेऊन निघालो. ओढा ओलांडला आणि चढणीला मागची चाके जागच्या जागी फिरायला लागली. मी लिव्हर ओढला. तोच खट् आवाज आला, पण पुढची चाके ढिम्म. शेवटी वाडीतल्या सहा-सात जणांनी कंदील आणि बॅटऱ्या घेऊन, चिखलात उभे राहून जीप वर ढकलली. अर्धा तास गेला. आई आज ठणठणीत आहे. पण मागच्या बाकड्यावर तिचा श्वास ऐकत घालवलेला तो अर्धा तास मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक गाडीखाली आडवा झाला आणि तिथूनच म्हणाला, "साहेब, पुढचा शाफ्टच न्हाई." ती जीप बरीच वर्षे वडापला चालत होती. ॲव्हरेज वाढावे म्हणून आधीच्या कुणा मालकाने गिअरबॉक्सकडून पुढच्या एक्सलला जाणारा प्रोपेलर शाफ्ट काढून टाकला होता. एजंटला जाब विचारला तर तो म्हणाला, "तुम्ही विचारलंच न्हाई." खरेच होते. मी झूल बघून बैल घेतला होता.

पहिला प्रश्न: गरज आहे का?

गाडी बघायला जाण्याआधी घरी बसून एक हिशेब करा. वर्षातले किती दिवस तुमची साधी गाडी किंवा जीप खरोखर अडते? खड्डे आहेत म्हणून फोर-व्हील ड्राईव्ह लागत नाही. खड्ड्यांना लागते ती उंची आणि चांगले टायर. चारही चाकांची ताकद लागते ती ओल्या चढणीला, काळ्या रानातल्या चिकट चिखलात, ओढ्यातल्या वाळूत आणि गोट्यांत. माण-खटावच्या मुरमाड वाटेवर अशी वेळ क्वचित येईल. पाटण-जावळीच्या डोंगरकुशीत पावसाळ्याचे चार महिने रोज येईल.

आणि एक ध्यानात ठेवा. चारही चाकांना ताकद मिळाली म्हणून गाडी लवकर थांबत नाही. उतारावर घसरायचे असेल तेवढी ती घसरतेच. तसेच पुलावरून पाणी वाहत असेल तर फोर-बाय-फोर असो वा ट्रक, अलीकडेच थांबा. फूट-दीड फूट वाहते पाणीसुद्धा हलकी गाडी सरकवू शकते.

तुमचे अडण्याचे दिवस पाच-दहाच भरले, तर साधी टू-व्हील ड्राईव्ह घ्या आणि राहिलेला पैसा ठिबकला लावा. चाळीस-पन्नास भरले, तर पुढे वाचा.

ट्रॅक्टरच्या भाषेत समजून घ्या

ज्याने ट्रॅक्टर चालवला त्याला ही गाडी समजायला वेळ लागत नाही. ट्रॅक्टरला हाय-लो असते. तशी खऱ्या फोर-बाय-फोरला ट्रान्सफर केस असते. तिच्यात साधारण तीन जागा असतात. एकीत फक्त मागची चाके चालतात, दुसरीत चारही चाके नेहमीच्या वेगाने चालतात आणि तिसरीत चारही चाके लो गिअरमध्ये, सावकाश पण जोरात चालतात. जिप्सी, थार, जिम्नी या अशा गाड्या आहेत.

या गाड्या कोरड्या डांबरी रस्त्यावर चार चाकांवर चालवायच्या नसतात. वळताना पुढची आणि मागची चाके कमी-जास्त अंतर कापतात. मातीवर चाक जरा घसरून तो फरक भरून काढते. डांबरावर घसरायला जागा नसते आणि सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. ज्या मालकाने महामार्गावरही फुशारकीने चार चाके लावून ठेवली, त्याच्या ट्रान्सफर केसचे दात झिजलेले असण्याची शक्यता मोठी. म्हणून मालकाला सहज विचारा, "फोर-बाय-फोर कधी वापरता?" उत्तरावरून गाडी कशी वापरली ते कळते.

दुसरा प्रकार ऑल-व्हील ड्राईव्हचा. मागची चाके गरजेप्रमाणे आपोआप जोडली जातात, पण लो गिअर नसतो. रोजच्या रस्त्याला उत्तम, पण गुडघाभर चिखलाचे काम तिचे नाही.

कुठली गाडी कुणाला?

जिप्सी. मारुतीने १९८५ मध्ये आणली. १९९६ मध्ये १३०० सीसीची जिप्सी किंग आली. २०१९ मध्ये नव्या सुरक्षा नियमांमुळे सर्वसामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली. वजनाला साधारण एक टन, अंगाने अरुंद, त्यामुळे जिथे बैलगाडी जाते तिथे जिप्सी जाते. पण फक्त पेट्रोल, चारही बाजूंना पाटे, त्यामुळे हाडे खिळखिळी होतात. एअरबॅग नाही, मागे समोरासमोर बाकडी. एकट्या माणसाच्या रानातल्या कामाला चांगली. पोरांना रोज शाळेत सोडायला मी घेणार नाही. सैन्यदलाच्या लिलावातल्या जिप्सीही बाजारात येतात. त्यांची लिलावाची कागदपत्रे आणि आरटीओची नोंद पूर्ण असल्याशिवाय हात लावू नका.

जुनी थार, २०१० ते २०२० मधली. अडीच लिटरचे सीआरडीई डिझेल इंजिन ताकदवान, आणि महिंद्राचे काम करणारा मेकॅनिक तालुक्याला सापडतोच. पण मागे तीच समोरासमोरची बाकडी आणि एअरबॅग नाही. शिवाय या थारमध्ये टू-व्हील ड्राईव्हही विकली गेली आहे. नाव थार म्हणजे फोर-बाय-फोर असे धरून चालू नका.

नवी थार, ऑक्टोबर २०२० पासूनची तीन दारांची. ही सुधारलेली गाडी. ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत २०२० मध्ये तिला चार तारे मिळाले. पेट्रोल आणि डिझेल दोन्ही आहेत, लो गिअर आहे, जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंची आहे. अडचण दाराची. मागे बसायचे तर पुढची सीट दुमडून, पाय उंच उचलून शिरावे लागते. तरण्या पोरांना त्यात मजा वाटते. गुडघे दुखणाऱ्या आजीला विचारा. इथेही तीच सूचना: जानेवारी २०२३ पासून हीच थार टू-व्हील ड्राईव्हमध्येही मिळते. दिसायला सारखीच, म्हणून आत लिव्हर आहे का ते बघा.

जिम्नी. जून २०२३ मध्ये पाच दारांची आली. भारतात विकलेली प्रत्येक जिम्नी फोर-बाय-फोर आहे, लो गिअरसह. सहा एअरबॅग, २१० मिलिमीटर उंची, रुंदी साडेपाच फुटांच्याही आत, त्यामुळे पाणंदीत बसते. मागच्या माणसांना स्वतःची दारे आहेत, हे कुटुंबाच्या दृष्टीने सगळ्यात मोठे. पण फक्त पेट्रोल, आणि आसने चारच. पाचवा माणूस कायद्यात बसत नाही. सामानाची जागाही लहान. मागची सीट पाडली तरच खताची पोती मावतील.

जुनी डस्टर, ऑल-व्हील ड्राईव्ह. रेनॉने २०१४ मध्ये डिझेलवर आणली. २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि डिझेल डस्टर थांबली. पाच माणसे आरामात, रस्त्याला मऊ, ओल्या घाटात भरवशाची. लो गिअर नाही. बहुतेक डस्टर टू-व्हील ड्राईव्हच आहेत, म्हणून गाडीखाली मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट डोळ्यांनी बघा. आणि घेण्याआधी हे काम जाणणारा मेकॅनिक कुठे आहे ते शोधून ठेवा.

डिझेल की पेट्रोल, यावरही दोन शब्द. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत धूर गाळणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जळायला गाडी अधूनमधून सलग आणि जोरात चालावी लागते. घर ते रान, रान ते डेअरी एवढेच दोन-दोन किलोमीटर फिरत असाल तर तो फिल्टर तुंबतो आणि खर्च काढतो. अशांनी पेट्रोल घ्यावे. जुनी पेट्रोल गाडी घेणाऱ्यांनी इंधनाचे रबरी पाईप आणि वॉशर बदलून घ्यावेत. आपल्याच उसापासून बनलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत त्याची सोय आहे.

आता गाडीचे पोट बघा

सोबत एक ताडपत्री, बॅटरी आणि ओळखीचा मेकॅनिक न्या. मेकॅनिक विकणाऱ्याचा नको, आपला हवा. दिवसाउजेडी जा, आणि पाऊस पडत असताना जाऊ नका. पाण्याने रंग चकाकतो, दोष झाकतात.

१. मालकाला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर त्याने काहीतरी लपवले आहे असे समजा. थंड इंजिन चालू करा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे.

२. ताडपत्री टाकून खाली आडवे व्हा. ट्रान्सफर केसमधून दोन शाफ्ट निघायला हवेत, एक पुढे, एक मागे. माझी चूक इथेच होती. दोन मिनिटांचे काम, पण मी केले नाही.

३. चासीवर डेंट, नवे वेल्डिंग, ताजा काळा रंग दिसला तर का ते विचारा. कोकण किनाऱ्यावर वापरलेली गाडी असेल तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत जा. खणखणीत आवाज यावा. भद्द आवाज आला किंवा पापुद्रा पडला, तर गंज आत गेला आहे.

४. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचे नट मेकॅनिकला सैल करायला सांगा. ऑईल दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. ती गाडी ओढ्यात बुडवून मजा केलेली आहे.

५. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. ऑल-व्हील ड्राईव्हला तर हे फार महत्त्वाचे.

६. पुराची गाडी ओळखा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पुराच्या पाण्यात वाहने बुडाली. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला गाळाचा डाग असतो. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज बघा. काचा बंद करून आत पाच मिनिटे बसा. कुबट वास लपत नाही.

७. शेवटी जुंपून बघा. नांगरलेल्या रानात किंवा सैल मुरमावर न्या. चारही चाके लावा आणि एका माणसाला बाहेर उभे करून पुढच्या चाकांकडे बघायला सांगा. तीही माती उडवतात का? मग लो गिअर टाकून सावकाश चढ चढवा. दातांचा आवाज यायला नको आणि लिव्हर आपोआप बाहेर पडायला नको. काही जुन्या जीपला पुढच्या चाकाच्या मधोमध हाताने फिरवायचा लॉक हब असतो. तो फिरतो का, तेही बघा.

आणि एक. गाडी बघायला घरातल्या सगळ्यांना न्या. आईला मागच्या सीटवर एकटीने चढायला लावा. पोरांना बसवून बेल्ट लावा. बायकोला चालवता येत असेल तर तिच्या हातात चावी द्या. वर्षाचे चाळीस दिवस चिखल असतो, पण आपली माणसे त्या गाडीत ३६५ दिवस बसणार असतात.

कागद म्हणजे सातबारा

रान घेताना सातबारा बघता, बोजा बघता. गाडीचा सातबारा म्हणजे आरसी. चासी नंबर स्वतः घासून कागदाशी ताडून बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचा फॉर्म २८ हवा, आणि इथला कर वेगळा भरावा लागतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. तेव्हापासून तिकडच्या डिझेल गाड्या लांबलांबच्या राज्यांत विकल्या गेल्या. स्वस्त दिसतात, पण कागदांचा हिशेब धरला तर तितक्या स्वस्त पडत नाहीत.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते, पर्यावरण करही भरावा लागतो. १४ वर्षांची गाडी घेताना हा खर्च किमतीतून वजा करून मागा. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. थकलेली ई-चलने आणि विम्याची मुदत परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघता येतात. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही पाहा.

फार मोठे टायर, लोखंडी बुलबार, कापलेली बॉडी असलेली गाडी टाळा. बुलबारला केंद्राने २०१७ मध्येच मनाई केली. आणि कारखान्याने दिलेल्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पोरांना आवडते म्हणून घ्याल आणि दंड तुम्ही भराल.

ठरवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा हातात राखून ठेवा. टायर, ऑईल, बेअरिंग, बॅटरी हे पहिल्या वर्षी निघतेच. सगळा पैसा गाडीत घालून दुरुस्तीला सोसायटीकडे हात पसरायची वेळ येऊ देऊ नका.

शेवटी, दोन घरांची गोष्ट

मी ती जीप खरे सांगून, कमी किमतीत विकली. आमच्या घरात आम्ही दोघे, मुलगी आणि आई, अशी चारच माणसे. म्हणून वर्षभर वापरलेली जिम्नी घेतली. घेण्याआधी ताडपत्री टाकून खाली आडवा झालो होतो. एजंट हसला. हसू दे.

शेजारच्या वाडीतले एक काका तीच गाडी घ्यायला निघाले होते. त्यांच्या घरात सात माणसे. मी म्हटले, "काका, चार जणांच्या गाडीत सात जण कोंबणार का?" हिशेब केला तर त्यांच्या वाटेत अडण्याची जागा एकच, ओढ्याकाठची दोनशे मीटर पाणंद. त्यांनी जुनी सात आसनी टू-व्हील ड्राईव्ह बोलेरो घेतली आणि पाणंदीसाठी ग्रामसभेत ठराव मांडला. राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, रोजगार हमीची तिला जोड दिली. अशा कामाला सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि तलाठी भाऊसाहेबांनी मनावर घेतले, तर एका पाणंदीने वाडीतल्या प्रत्येक घराची गाडी, बैलगाडी आणि आजारी माणूस बाहेर निघतो. दहा घरांनी दहा फोर-बाय-फोर घेण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. तेव्हा बंधूंनो, गरज असेल तर जरूर घ्या. पण इसार देण्याआधी एकदा गाडीखाली वाका. कपडे मळले तर धुता येतात.